पडतोय काय?

पहाटे ५.१०. चिपळूण. अजून उजाडलेलं नाही. चहा गॅसवर आहे आणि तो ओट्याला टेकून मोबाइल बघतोय. पडद्यावर तो देखभाल करतो त्या केंद्रांची यादी. नदीची पातळी मोजणारी काही, पाऊस मोजणारी बरीच. प्रत्येकापुढे शेवटचा आकडा, तो आल्याची वेळ आणि बॅटरीचे व्होल्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, त्यामुळे पावसाच्या रकान्यात सगळीकडे ०.०. एक केंद्र चार दिवस गप्प आहे. ते लाल दिसतं. दुसरं एक हिरवं आहे, वेळेवर बोलतंय, आणि त्याच्यापुढेही ०.० आहे.

"लाल परवडतं," तो म्हणतो. "लाल दिसलं की माणूस जातो. हा हिरवा शून्य बघा. गेल्या बुधवारी त्या गावात वळवाची सर येऊन गेली. गुरुजींचा फोन होता. मशीन म्हणतंय पडलाच नाही."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपेक्षा वर, एक मातकट रेघ आहे. २२ जुलै २०२१ च्या पुराची. बाकी भिंत रंगवली, तेवढा बोटभर पट्टा त्याने ठेवलाय.

५.४५. दुचाकीवर सामान चढतं. पाठीवरच्या पिशवीत मल्टिमीटर, पाने, कनेक्टरची डबी, गॅसवर चालणारी सोल्डरिंगची पेन्सिल, रबर टेप, सिलिकॉनची ट्यूब, होकायंत्र, जुने टूथब्रश. दवाखान्यातली सलाइनची एक रिकामी बाटली, नळीसकट. मागे मदतनीस बसणार, मांडीवर बॅटरी घेऊन. ती बारा व्होल्टची, चौदा किलोची. शिडी न्यायची सोय नाही. शिडी गावात मागायची.

त्याला महिन्याला हातात अठरा हजार मिळतात, गाडीचे किलोमीटरमागे तीन रुपये वेगळे. मदतनीस आयटीआय झालेला पोरगा आहे, पावसाळ्यापुरता, पाचशे रुपये रोजावर. मी माझ्या स्कूटरवर मागे.

६.२५. वाशिष्ठीवरचा पूल. कठड्याला लोखंडी हात बसवलाय, नदीवर पुढे गेलेला. त्याच्या टोकाला खाली तोंड करून रडार सेन्सर. तो पाण्याकडे रेडिओची लहर सोडतो, ती पाण्यावरून परत येते, लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. सेन्सरची उंची ठरलेली आहे. त्यातून अंतर वजा केलं की उरली ती नदीची पातळी. बस, एवढंच गणित.

कमरेला पट्टा बांधून तो कठड्यापलीकडे वाकतो. मदतनीस मागून पट्टा धरतो. सेन्सरच्या तोंडावर कोळ्याचं जाळं आहे, जाळ्यात ट्रकची धूळ. आधी टूथब्रश, मग ओलं फडकं. हाताचे बोल्ट पान्याने तपासतो. अवजड गाड्या गेल्या की पूल हलतो, वर्षभर हलून बोल्ट ढिले होतात. एक अर्धा फेरा घट्ट होतो.

मग तो खाली उतरतो. खांबावर रंगवलेली मोजपट्टी आहे, सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांची. तो डोळ्यांनी वाचतो, "एक तीस." वरून पोरगा ओरडतो, "मशीन एक बत्तीस!" दोन सेंटिमीटर. पाण्याला लहर आहे, चालेल. दहा मिनिटं थांबून पुन्हा वाचतो. एक चौतीस. पाऊस नाही आणि नदी चढतेय. भरती. खाडीचं पाणी चिपळुणापर्यंत येतं, उन्हाळ्यातही नदी इथे खालीवर होते. यंत्राबरोबर पट्टीही तेवढीच सरकली याचा त्याला आनंद होतो. दोन्ही एकाच बाजूला हलले म्हणजे सेन्सर खरा बोलतोय.

चिपळुणात इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. तिकडे खेडला जगबुडीचीही तीच. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. बाजारपेठेतला दुकानदार पाच म्हटलं की खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतो. २०२१ च्या त्या रात्री घाटात कोसळत होतं, त्यात भरतीची वेळ. बाजारात पाणी पहिल्या मजल्याला लागलं. एसटी आगारात रोकड घेऊन माणसं गाडीच्या टपावर बसून राहिली. वीज गेली, मागोमाग मोबाइलचे टॉवर गेले. टॉवर गेल्यावर त्या टॉवरवरून बोलणारं यंत्रही गप्प होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडातही असंच झालं होतं. नेमकी गरज पडावी आणि आकडा येऊ नये.

८.३०. टपरी. चहा दहा, वडापाव वीस. तो घड्याळ बघतो, मग मोबाइल. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल साडेआठ ते आज साडेआठ, हा एक दिवस. देशभर आता कुणीतरी भांड्यातलं पाणी मोजत असतं किंवा यंत्र आपली बेरीज मिटवून पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. पावसाळ्यात या वेळेला तो कुणाचा फोन घेत नाही. आज घेतो. बायकोचा आहे. येताना कोकमं आण.

९.२०. हिरव्या शून्याचं गाव, दसपटीकडचं. केंद्र शाळेच्या मागच्या अंगणात. जाळीचं कुंपण, मध्ये खांब, खांबावर सौर पट्टी आणि पांढरी पेटी, बाजूला सिमेंटच्या ओट्यावर पर्जन्यमापक. कुंपणावर दोन गोधड्या वाळत घातल्यात. एकीचा कोपरा सौर पट्टीवर आलाय.

शेजारच्या घरातून आजी येतात.

"काय वो, काडू काय गोदडी?"

"तेवढा कोपरा घ्या आजी. त्या काचेवर ऊन पडलं पाहिजे."

"मला वाटला, आरसा हाय." त्या हसतात आणि दोन्ही गोधड्या उचलतात. पाऊस आठ दिवसांवर आलाय. आमसुलं, साठं, पापड, शेणी, सगळं गाव काही ना काही वाळवतंय. ऊन तेवढंच, वाटेकरी फार.

पर्जन्यमापकाचं वरचं नरसाळं तो फिरवून काढतो. उन्हाकडे धरून बघतो. उजेड आरपार येत नाही. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय, व्यवस्थित लिंपलेलं. बुधवारची सर या नरसाळ्यात पडली, साचली, उन्हाने उडून गेली. यंत्र चोख चाललं होतं. त्याच्यापर्यंत थेंब पोचलाच नाही.

"जुलैत असं झालं असतं तर?" मी विचारतो.

"तर घाटाखाली शंभर पडला असता नि मशीनवर शून्य. खाली बसलेला माणूस म्हणतो, वर पाऊस नाही, निवांत."

तारेने तो घर फोडतो. आत हिरव्या अळ्या, कुंभारणीने पिल्लांसाठी आणून ठेवलेल्या. नळी धुतो. मग जाळी बसवतो, बारीक तारेची, आपली आपण कापलेली. जाळीत पानं अडकतात, ती काढायला पुन्हा यावं लागतं. जाळी नसली तर कुंभारीण.

नरसाळ्याखाली खरं यंत्र आहे. तराजूसारखी दोन छोटी पात्रं, मधल्या आसावर झुलणारी. एक भरलं की कलंडतं, पाणी सांडतं, दुसरं वर येतं. कलंडताना चुंबक एका काचेच्या स्विचसमोरून जातो आणि एक ठोका मोजला जातो. एक ठोका म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. ही बोटभर पात्रं चार महिन्यांत सहा हजारांहून जास्त वेळा कलंडतात.

९.५०. आता परीक्षा. सगळ्यात आधी तो पात्राची वायर पेटीतून सोडवतो. हे विसरलं की चाचणीचं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जातं. एकदा विसरला होता. भर उन्हात गावावर दहा मिलिमीटर पडले आणि तालुक्यातून फोन आला.

सुटलेल्या वायरीला मल्टिमीटर लावतो. प्रत्येक ठोक्याला तो पीं करणार. नरसाळं वीस सेंटिमीटर व्यासाचं. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. दहा मिलिमीटरला ३१४. एवढं मोजून सलाइनच्या बाटलीत भरतो, बाटली कुंपणाला टांगतो, नळी नरसाळ्यात सोडतो, चाकीने धार बारीक करतो. वीस ठोके यायला हवेत.

अर्धा तास. पोरगा जमिनीवर बसून वहीत उभ्या रेघा ओढतो. पीं. रेघ. शाळेला सुट्टी आहे, तरी चार मुलं जमली आहेत. त्यातली एक मनातल्या मनात मोजतेय, ओठ हलतात. बाटली संपते. पोरगा म्हणतो सतरा. ती मुलगी म्हणते, "सतराच."

म्हणजे दहा पडले तर हे साडेआठ सांगणार. आस काढतो. आसाच्या टोकाला तांबडी माती बसलीय, पीठ व्हावं इतकी बारीक. टूथब्रशने घासतो. पात्रांच्या खालचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवतो. पात्र किती भरल्यावर कलंडायचं ते या स्क्रूवर ठरतं. पुन्हा बाटली, पुन्हा अर्धा तास. एकोणीस. पुन्हा स्क्रू, केसभर. तिसरी बाटली. उन्हाचा चटका वाढलाय, सिमेंटवर हात टेकवत नाही. मुलं कंटाळून गेली, ती मुलगी थांबलीय.

"ईस!" ती ओरडते.

वायर जोडतो, पाण्याचा तुषार उडून नसत्या ठिकाणी बसला नाही ना बघतो, पेटी उघडतो. आतली पुडी गुलाबी झालीय. ही ओल शोषणारी सिलिका. कोरडी असते तेव्हा निळी. नवी पुडी टाकतो, जुनी खिशात. घरी तव्यावर भाजली की पुन्हा निळी होते. तेवढेच वाचतात.

जाताना त्याची नजर कुंपणापलीकडे जाते. शाळेने पत्र्याची नवी शेड उभारलीय. शेडची उंची तो पावलांनी अदमासतो, मग शेड ते मापक हे अंतर मोजतो. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब मापक हवा. नाहीतर नैर्ऋत्येकडून तिरका येणारा पाऊस शेड अडवणार. अंतर कमी पडतं. ओटा हलवायचा अधिकार त्याला नाही. तो वहीत लिहितो, चार बाजूंनी फोटो काढतो. गेल्या वर्षी दुसऱ्या गावातल्या झाडाबद्दल असंच लिहिलं होतं. झाड आहे तिथेच आहे, दोन फूट वाढलंय.

११.४५. रस्त्यात एक आंबा बागायतदार अडवतात. गाडीवरच्या पेटीवरून ओळखलं असावं.

"तुम्हीच ना ते मशीनवाले? मार्चात माझ्या बागेत पाऊस झाला. मोहोर गेला, कैरी गेली. मशीनवर काही नाही म्हणे."

फळपीक विम्याचं सगळं त्या आकड्यावर असतं. अवेळी पाऊस, चढलेलं तापमान, उतरलेलं तापमान, महसूल मंडळातलं केंद्र काय म्हणतं त्यावर पैसे. भाताच्या नुकसानीला अतिवृष्टी म्हणायचं तरी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर लागतात. चौसष्टला नाही. आणि कोकणातलं मंडळ म्हणजे दोन डोंगर आणि तीन पऱ्ह्ये. या अंगाला कोसळतं, त्या अंगाला पोरं क्रिकेट खेळत असतात.

"काका, ते केंद्र माझ्याकडचं नाही. पण तुम्ही तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो ठेवा, वेळेत कळवा."

"आणि तुमच्या मशीनवरचा आकडा?"

"तो मी बदलू शकत नाही. मी भांडं साफ ठेवतो."

काका थोडा वेळ बघत राहतात. मग पिशवीतून चार हापूस काढून पोराच्या मांडीवर, बॅटरीवर ठेवतात.

१२.३०. लाल केंद्र. गाडी खाली लावून बराच चढ. बॅटरी आळीपाळीने, पट्ट्याने खांद्यावर. वर सडा, मैलभर सपाट जांभा, सुकलेलं गवत, करवंदीच्या जाळ्या. इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून हे केंद्र उपग्रहाशी बोलतं. खांबावर जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी अँटेना, सळ्यांची फुली-फुली. सळई दीड विताची. या यंत्रांचा रेडिओ ४०२ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतो, आणि सळीची लांबी त्या लहरीवर ठरते.

अँटेना आकाशाकडे हवी. ती करवंदीकडे बघतेय.

"वानर," पोरगा म्हणतो. खाली विष्ठाही आहे. आख्खा कळप खांबावर झोके घेऊन गेलाय. दोन सळ्या वाकल्यात, केबल कनेक्टरपाशी ओढली गेलीय.

तो केबल सोडवतो. आत हिरवा गंज चढलाय. फट पडली, पाणी शिरलं, तांब्याने रंग धरला. वीतभर केबल कापून टाकतो, चांगलं चकचकीत तांबं लागेपर्यंत. नवा कनेक्टर दोनशेचा. वाऱ्यात सोल्डरिंगची ज्योत टिकत नाही. पोरगा शर्ट काढून आडोसा धरतो. वरून रबर टेप ताणून, खालून वर, म्हणजे पाणी पदरावरून ओघळेल. कौलं घालतो तसं.

१.१७. केंद्राची बोलायची वेळ. शेकडो केंद्रं एकाच उपग्रहाकडे तोंड करून असतात, एकदम बोलली तर कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येकाला तासातले काही सेकंद नेमून दिलेत. याची पाळी सतराव्या मिनिटाला. कनेक्टर अजून गरम आहे. पाळी निघून जाते. आता २.१७.

मधल्या वेळात अँटेना. होकायंत्र घेऊन तो खांबापासून दहा पावलं लांब जातो. लोखंडाजवळ सुई फसते. इन्सॅट-३डीआर हा उपग्रह विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि आपण साडेत्र्याहत्तरच्या जरा पुढे. म्हणजे तो जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, क्षितिजापासून सत्तर अंश वर. कोनमापकाला ओळंबा बांधलेला आहे, दोऱ्याला नट लटकवून केलेला. त्याने कोन लावतो. मी वर बघतो. निळं, रिकामं. छत्तीस हजार किलोमीटरवर या डोंगराच्या जवळजवळ सरळ रेषेत कुणीतरी कान देऊन बसलंय, हे त्या उन्हात मला फार बरं वाटलं.

जुनी बॅटरी मोजतो. नुसती असताना १२.४, बरी दिसते. ट्रान्समीटर चाचणीला चालू केला की एकदम १०.६. म्हातारी झालीय. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन नसतं, तेव्हा ही आठवड्यात मान टाकणार. नवी बसवतो. जुनी परत न्यायची, मोडीत जमा केल्याची पावती लागते. म्हणजे उतरतानाही चौदा किलो.

शेवटी अर्थिंग. जांभ्यात वीज मुरत नाही. खड्डा खणून कोळसा-मीठ भरलेलं असतं, पण मे महिन्यात तेही कोरडं ठणठणीत. पावसाआधीच्या गडगडाटाचे हेच दिवस. खालच्या झऱ्यावरून दोन कॅन पाणी आणून ओततो. दगड पितच राहतो.

जेवण तिथेच. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, काकांचे दोन आंबे.

२.१०. पोरगा सड्याच्या टोकाला जातो. तिथल्या एका दगडावर उभं राहिलं की मोबाइलचे दोन दांडे येतात. हवामान खात्याच्या केंद्रांचे आकडे पुण्याच्या भूकेंद्रावर उतरतात. याचेही उपग्रहावरून खाली येऊन सर्व्हरवर पोचतात. ऑफिसातला माणूस बघून सांगणार.

२.१७. पेटीतला छोटा दिवा लागतो. काही सेकंद. विझतो. काहीच आवाज नाही.

२.१९. काही नाही. तो पेटीची कडी लावतो, पुन्हा उघडतो.

२.२२. टोकावरून पोरगा दोन्ही हात वर करून नाचतो. आवाज वाऱ्यात उडून जातो, पण कळतं. तापमान ३४, पाऊस ०.०, बॅटरी १२.९. चार दिवसांनी केंद्र बोललं. खांबाला तो करवंदीची काटेरी फांदी गुंडाळतो, चार फूट उंचीपर्यंत. वानरांना किती दिवस पुरेल ते वानरांनाच माहीत.

४.४०. उतरून, घाटरस्त्याने परत. वाटेत आणखी एक केंद्र, तिथे सगळं ठीक, वीस मिनिटांत काम. २ जुलै २०१९ च्या रात्री याच भागात तिवऱ्याचं धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली. तो रस्ता लागतो तिथे कुणी काही बोलत नाही.

६.००. चिपळूण. हार्डवेअरचं दुकान. सिलिकॉनची ट्यूब एकशे ऐंशी, केबल टाय साठ, गॅस रिफिल नव्वद. बिलं पाकिटात. पैसे पुढच्या महिन्यात मिळतील, बिलावर दुकानाचा शिक्का असेल तर. शिक्का विसरला म्हणून तो परत जातो. पोराच्या हातावर पाचशे ठेवतो. किलोमीटर झाले ८६. कोकमं घेतो, किलोभर.

७.५०. घाटावर वीज चमकतेय. अजून आवाज नाही, नुसता उजेड. बायको आमसुलाचं ताट आत घेते. वारा सुटतो आणि दिवे जातात. तो अंधारात मोबाइल उघडतो. घाटाखालचं एक केंद्र ०.५. पाच-दहा मिनिटांनी घाटाखालचं दुसरं २.०. सकाळचं हिरवं गाव, ०.०.

तो पडदा खाली ओढून पुन्हा सोडतो. ०.०. आतल्या खोलीत मुलगी वारा घालायला पुठ्ठा शोधतेय.

मग नंबर लावतो. तीन वेळा लागत नाही. चौथ्यांदा लागतो.

"गुरुजी, पडतोय काय?"

पलीकडे वाऱ्याचा घोंघाट. कौलावर काहीतरी आपटतंय. गुरुजी ओरडून बोलतात.

"नाय वो! डोंगरापलीकडं लागलाय. हितं अजून थेंब नाय!"

"नक्की?"

"अंगणात उभा हाय!"

"थांबा मग तिथंच," तो म्हणतो आणि फोन कानाला धरून ठेवतो.

आठ वाजून चार मिनिटं. "आला," गुरुजी म्हणतात. "आला, मोटाले थेंब हायत."

तो पडद्याकडे बघत बसतो. गुरुजींच्या गावचं यंत्र दर दहा मिनिटांनी बोलतं. ताटात भात वाढलेला आहे, मेणबत्तीच्या उजेडात. सहा मिनिटं.

०.५.